कोंबलेला कोंबडा

“हे राहू दे,” जगदाळे साहेब म्हणाले आणि हातात घेतलेली पितळी वस्तू त्यांनी परत टेबलावर ठेवली. मग खिडकीकडे बघून हसले. “मुलीच्या जातीला कशाला अवघड करायचं? दुसरं काहीतरी विचारतो.”

खिडकीच्या गजांना आमच्या वर्गातली सगळी पोरं चिकटली होती. साहेब हसले तशी तीही फिसफिसली.

“अवघड काही नाही, साहेब,” मी म्हणाले. “तेच विचारा.”

टेबलाच्या कडेला आमचे कुंभोजकर सर बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि मिशीतल्या मिशीत पुटपुटले, “व्हॉल्व म्हण, शालन. व्हॉल्व म्हण आणि मोकळी हो.”

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी एकोणीस वर्षांची होते आणि कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी प्लंबरच्या वर्गात बसणारी पहिली मुलगी होते. पहिली म्हणजे एकटीच. पाइप कापणं, आटे पाडणं, जोड बसवणं ही हाताची परीक्षा सकाळीच झाली होती. त्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. राहिली होती ती तोंडी. वीस मार्कांची, आणि त्यात आठ वेगळे मिळवावेच लागत. नाही मिळाले तर सकाळचं सगळं पाण्यात. दुसऱ्या खेपेला बसायची मला मुभा नव्हती. “येकच वरीस. नापास झालीस तर गपगुमान घरात बसायचं,” असं आईनं प्रवेशाच्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. त्यातच नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात फिटरच्या दोन जागा निघाल्या होत्या. अर्जाला पास झाल्याचा दाखला जोडायचा होता. माझा दाखला त्या घडीला जगदाळे साहेबांच्या पेनात होता. ते बाहेरून आलेले परीक्षक. इस्त्रीचा सफारी, बोटात दोन अंगठ्या, आणि नळाला आयुष्यात कधी हात लावला असेल असं वाटू नये इतकी स्वच्छ नखं.

आता त्या वस्तूविषयी. घरात येणारं पाणी एका जागी बंद करता यावं म्हणून लाइनीच्या मधोमध जी पितळी चावी बसवतात, तिचं नाव स्टॉप कॉक. दुकानदार तेच म्हणतो, मिस्त्री तेच म्हणतो, घरमालकीणसुद्धा “अहो, तो कॉक गळतोय” म्हणून निरोप धाडते आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्या वर्गातल्या पोरांना कुठल्यातरी रंगीत इंग्रजी मासिकातून नवं ज्ञान झालं होतं, की त्या ‘कॉक’चा आणखीही एक अर्थ आहे. कोणता, ते मी लिहीत बसत नाही. समजणाऱ्याला समजला असेल. मला तेव्हा तो ठाऊक नव्हता.

पहिल्या महिन्यातच कुंभोजकर सरांनी फळ्यावर ‘स्टॉप’ लिहिलं, पुढचं लिहायला हात उचलला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी आरवलं. अस्सल गावठी कोंबड्यासारखं, मान ताणून. वर्गात हशा पिकला. सरांच्या कपाळावर घाम आला. ते वळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “शालन, ऑफिसातनं जरा खडू घेऊन ये.”

खडूंचा डबा त्यांच्यासमोर भरलेला होता. तरी मी गेले. परत आले तेव्हा फळा पुसलेला होता आणि धडा संपला होता. दुसऱ्या दिवशी बिब कॉक होता, तेव्हा मला हजेरीचं पुस्तक आणायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी पिलर कॉक, तेव्हा शिपायाला बोलावून आणायला. बॉल कॉक आला तेव्हा तर काही सुचलंच नाही म्हणून सरांनी मला “जरा पाणी पिऊन ये” असं सांगितलं. प्लंबरच्या धंद्यात हा शब्द पावलोपावली येतो. त्या वर्षी मी किती पाणी प्यायले असेन त्याचा हिशेब नाही.

“तू या सगळ्याला व्हॉल्व म्हणत जा,” एकदा सर मला बाजूला घेऊन म्हणाले. “कुणी विचारलं तर मी सांगितलंय म्हण.”

“पण ते व्हॉल्व नाहीत ना, सर?”

“नसू देत. तू म्हण.”

सर वाईट नव्हते. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं, भल्या माणसाच्या लाजेशी कुठून भांडायचं? माझं भलं करता करता ते माझा निम्मा धंदा वर्गाबाहेर ठेवत होते. मी खिडकीखाली उभी राहून ऐकत होते म्हणून बरं. व्हरांड्याच्या भिंतीला कान लावून मी जेवढं शिकले तेवढं बाकावर बसून शिकले नाही.

अर्थ मला शेवटी इकबाल मुल्लानं सांगितला. हजेरीत तो माझ्या अगदी अलीकडचा, आणि त्या कळपात जरा माणसात असलेला.

“लई घाण हाय गं,” तो म्हणाला. “मला नको इचारू.”

“तू सांगणार का मी सरांना विचारू?”

मग त्यानं हौदाकडे तोंड केलं आणि हौदालाच सांगितल्यासारखं सांगितलं. त्याचे कान तांबडेलाल झाले. माझेही झाले, पण लाजेनं नव्हे. मस्तक भणाणलं होतं माझं. शब्द इंग्रजांचा, चावटपणा पोरांचा, आणि उन्हातान्हात खडू आणायला मी! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही.

घरी येऊन मी आबांना विचारलं. आम्ही जातीचे ओतारी. आजोबा घंटा ओतायचे, समया ओतायचे. आबांनीही अर्धं आयुष्य भट्टीपुढं काढलं, पण स्टीलची भांडी आली आणि भट्टी थंड झाली. आता ते दारात बसून जुन्या पितळी नळांची डागडुजी करत.

“आबा, कॉक म्हणजे काय?”

“कोंबडा,” आबा मान वर न करता म्हणाले.

“ते झालं. पण नळाला कोंबडा का म्हणायचं?”

आबांनी ढिगातून एक जुनापुराणा नळ उचलला. आडवी नळी, तिच्यात वरून खोचलेली खुंटी आणि खुंटीला पकडायला चपटा, कंगोऱ्यांचा कान. तो कान त्यांनी पाव फेरा फिरवला. “हे बघ. चोच पुढं, तुरा डोक्यावर. आता कुकूच करायचंच राह्यलंय. गोऱ्या सायबाला कोंबडा दिसला, त्यानं कोंबडा म्हटलं. त्यात काय येवढं?”

आबांचं एवढ्यावर भागलं, माझं भागलं नाही. मला छापील पुरावा हवा होता. तालुक्याच्या वाचनालयात चार बोटं जाडीचा एक इंग्रजी शब्दकोश होता, घरी न देण्याच्या कपाटात. मी तीन दुपारी तिथं बसून, शब्दाला शब्द लावत, लागेल तेवढं वहीत उतरवून घेतलं. आबा बरोबर होते. खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही, पण जुन्या नळाच्या तुऱ्यामुळे हे नाव पडलं असावं, असं कोशात होतं. जर्मन लोकही नळाला कोंबडाच म्हणतात, असंही होतं. आणि ‘स्टॉप’? मला वाटायचं स्टॉप म्हणजे थांब. मुळात तसं नव्हतं. मुळात त्याचा अर्थ होता भोक बुजवणं; आणि त्याच्याही मागं गेलं की लॅटिनमधला एक शब्द निघत होता, त्याचा अर्थ तागाचा चोथा. फटीत ताग कोंबून पाणी अडवायचं, ते स्टॉप! अजूनही आम्ही नळाच्या आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावतोच की.

आबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. “म्हंजे कोंबायचं ते स्टॉप, आन् कोंबडा तो कॉक,” ते म्हणाले, आणि मांडीवर थाप मारली. “आगं, कोंबलेला कोंबडा!”

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसलो. इतक्या दिवसांत त्या शब्दावर मी पहिल्यांदाच हसले, आणि फार बरं वाटलं. ज्यावर पोरं वर्षभर हसत होती, त्यापेक्षा माझा विनोद चांगला होता.

तर परत त्या टेबलापाशी.

“बरं, तुझीच हौस आहे तर,” जगदाळे साहेबांनी वस्तू पुन्हा उचलली. “हे काय?”

“स्टॉप कॉक.”

खिडकीत खसखस पिकली.

“काय? ऐकू नाही आलं.”

आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं. “स्टॉप कॉक,” मी पुन्हा म्हणाले.

“अगं, जरा मोठ्यानं. पोरांनाही कळू दे.”

मी वळले. सरळ खिडकीकडे तोंड केलं, एकेकाच्या डोळ्यांत बघितलं आणि वर्गात हजेरी देतात तशा आवाजात म्हणाले, “स्टॉप कॉक.”

मागून कुणीतरी आरवलं. तेच, मान ताणून.

“कोण आरवलं माहीत नाही,” मी म्हणाले, “पण उत्तर बरोबर आहे त्याचं. कॉक म्हणजे कोंबडा. जुन्या नळाच्या डोक्यावर तुरा असायचा म्हणून कोंबडा. आणि स्टॉप म्हणजे ताग कोंबून बुजवणं. वर्षभर हसताय, एकालातरी ठाऊक होतं का कशाला हसताय ते?”

 खिडकीतल्या पहिल्या रांगेतला एकजण खाली बसला.

“हे कुणी विचारलं होतं तुला?” साहेबांचं हसू मावळलं होतं.

“तुम्ही तीनदा विचारलंत, साहेब. नुसत्या नावानं भागेना, म्हणून अर्थासकट सांगितलं.”

कुंभोजकर सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पाना माझ्यापुढे सरकवला. “फार हुशार आहेस. उघड ते.”

मी उघडलं. साहेबांनी आतला भाग बोटांत धरला. “यात कुठाय तुझी फिरणारी खुंटी? हा आट्यांचा दांडा आहे. खाली वायसर आहे. वायसर खाली बसला की पाणी बंद. म्हणजे आतून हा व्हॉल्वच झाला. तुझे सर तुला व्हॉल्व म्हण म्हणत होते, ऐकलं मी. ते बरोबर, तू चूक. एवढा वेळ ज्या नावासाठी नाचत होतीस, ते नावच चुकीचं!”

 तो माणूस खरं बोलत होता. स्वच्छ नखांचा असला तरी त्याला धंदा कळत होता. जुनी खुंटी जाऊन आत आट्यांचा दांडा आला होता आणि नाव मात्र कोंबड्याचंच राहिलं होतं. हे मीही दोनशे वेळा उघडून बघितलेलं, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“बोल की आता.”

“साहेब,” मी म्हणाले, “तुमच्यापुढं यादी आहे. माझं आडनाव काय आहे त्यात?”

“ओतारी.”

“मी काय ओतते?”

साहेबांनी यादीवरून मान वर केली.

“मी काही ओतत नाही. माझ्या आबांचीही भट्टी विझून बारा वर्षं झाली. तरी आम्ही ओतारीच. तुम्ही हाक मारलीत ती ओतारी म्हणूनच, आणि मी ओ दिली. आतलं काम बदललं म्हणून नाव चुकत नाही. आत व्हॉल्व आहे हे तुमचं बरोबर. नाव स्टॉप कॉक आहे हे माझं बरोबर. दुकानात जाऊन नुसता व्हॉल्व मागा, तुमच्या हातात हे येणार नाही.”

“खरं हाय,” खिडकीतून इकबालचा आवाज आला आणि लगेच त्याला कुणीतरी खाली ओढलं.

 साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्या नावाच्या गुणांच्या कागदावर ‘सात’ लिहिलं आणि तो फिरवून मला दाखवला. “एक कमी पडला. पुढच्या वर्षी ये. जरा अदब शिकून ये.”

 डोळ्यांपुढे आई आली, नगरपालिकेचा अर्ज आला. त्या क्षणी हात जोडले असते तर कदाचित एक मार्क मिळालाही असता. साहेब त्याचीच वाट बघत होते. पेनाचं टोपण त्यांनी अजून लावलं नव्हतं. पण वर्षभर मी ज्याच्या त्याच्या लाजेपायी दाराबाहेर गेले होते. आता बाहेर जायची माझी तयारी नव्हती.

“त्या शेवटच्या रकान्यात लिहायचं राहिलं, साहेब,” मी म्हणाले.

नापास करायचं झालं तर चुकलेलं उत्तर लिहायचं आणि दोघांही परीक्षकांनी, म्हणजे साहेबांनी आणि आमच्या सरांनी, सही करायची, अशी तेव्हा पद्धत होती. कुणी लिहीत नसे, कारण कुणी मागत नसे.

“लिहितो. उद्धट वर्तन.”

“तिथं ‘चुकलेले उत्तर’ असं छापलंय. उद्धट हे कुठल्या सामानाचं नाव नाही.”

साहेबांनी कागद आणि पेन कुंभोजकर सरांकडे भिरकावलं. “तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हीच लिहा काय ते. मी सही करतो.”

मी आशा सोडली. मी वर्गात असताना जो माणूस तो शब्द फळ्यावर लिहू शकला नाही, तो साहेबासमोर काय लिहिणार? सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सावकाश, बाळबोध अक्षरात लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले.

“प्रश्न. वस्तूचे नाव सांगा. उत्तर. स्टॉप कॉक.” सर थांबले. माझ्यादेखत तो शब्द ते पहिल्यांदा उच्चारत होते, तोही अख्खा. “पुढं ‘चूक’ असं लिहितो, साहेब. फक्त जिल्ह्याला कागद गेल्यावर कुणी विचारलं की यात चूक काय, तर मी काय सांगू तेवढं सांगून ठेवा. कारण माझ्या मते ते बरोबर आहे. माझी सही ‘बरोबर’च्या खाली पडेल.”

सरांनी पेन रकान्यावर टेकवून धरलं. 

जगदाळे साहेबांनी कागद ओढून घेतला. एकदा सरांकडे बघितलं, एकदा त्या रकान्याकडे. मग तो कागद चुरगळला, नवा घेतला, त्यावर माझं नाव घातलं आणि ‘चौदा’ लिहिलं.

“चौदाच का?” मी विचारलं.

“आता जातेस का?” साहेब ओरडले.

मी गेले.

संध्याकाळी सगळं आटोपल्यावर सर व्हरांड्यात आले. मी सायकल काढत होते. 

“शालन, मी तुला वर्षभर बाहेर पाठवत होतो,” ते म्हणाले. “तुझ्या भल्यासाठी पाठवतोय असं वाटायचं मला. खरं तर माझी सुटका करून घेत होतो. उद्यापासून सकाळी येत जा. जे धडे बुडले ते शिकवतो.”

“सर, परीक्षा झाली.”

“परीक्षा झाली गं. शिकवायचं राहिलंय ना.”

मला भरून आलं, आणि भरून आलं म्हणून रागही आला. एवढ्यावर मी त्यांना सोडणार नव्हते. “मला ते सगळं येतं, सर. खिडकीखाली उभी राहून शिकलेय. शिकवायचंच असेल तर पुढच्या वर्षी मुलगी येईल तिला वर्गात बसवून शिकवा.”

“कोण येणार आहे इथं?” सर खिन्नपणे हसले.

“माझी धाकटी बहीण येणार आहे. मालन. तिचा अर्ज तयार आहे.”

धादांत खोटं होतं. अर्ज नव्हता, काही नव्हतं. मालनला शिवणाच्या क्लासला घालायचं ठरलं होतं, आणि तिलाही त्याची हौस होती. पण सरांनी खिशातून डायरी काढली आणि तिचं नाव लिहून घेतलं, तेव्हा आता माघार घ्यायची सोय राहिली नाही. घरापर्यंतचे तीन मैल मी सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली.

मालन उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. आबा कानस घेऊन दारात होते. आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि निकालाचं काय ते विचारायला तिनं तोंड उघडलं होतं. मी तिला हातानंच थांबवलं आणि बहिणीपुढे उकिडवी बसले.

“मालन, तुझं नाव मी प्लंबरच्या वर्गात घातलंय.”

“आगं बया!” ती म्हणाली. “मला न इचारता? काय शिकवत्यात तिथं?”

आईचे कान आमच्याकडेच होते. पलीकडच्या घरातली काकू भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती. मी आवाज कमी केला नाही.

“स्टॉप कॉक,” मी म्हणाले. “म्हण माझ्यामागं.”